भिंतीआधी सलंग

उतारावर घर झाले की मालकाची पहिली हौस अंगण सपाट करण्याची असते. जेसीबी येतो, वरची माती कापून खाली लोटतो, कडेला सिमेंटची भिंत चढते. दोन-तीन पावसाळ्यांत ती भिंत फुगते. दोष सिमेंटचा नसतो. भिंतीमागे साचलेल्या पाण्याला वाटच ठेवलेली नसते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलच्या लोकांना हे कळायला लांब जावे लागत नाही. पूर्व विदर्भातले माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव, याच जाणिवेतून घडले. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला जमिनीचे हक्क मिळत, आणि भंडारा-चांद्याकडच्या कोहळी समाजाने या कामात नाव कमावले. टेकडीवरून येणारा येवा ओळखायचा, त्याला आडवी मातीची पाळ घालायची, तुडुमातून भाताच्या बांध्यांना पाणी सोडायचे आणि जास्तीचे पाणी सलंगावरून काढून द्यायचे. सलंग नसलेली पाळ मोठ्या पावसात टिकत नाही.

अंगणाचेही तसेच. १०० चौरस मीटर उतारावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर, म्हणजे दहा टन पाणी येते. उतार चौपट तीव्र झाला की पाण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि वेग दुप्पट झालेले पाणी ६४ पट वजनाचा धोंडा ढकलू शकते, असे जलशास्त्राचे जुने गणित सांगते. म्हणून कामाची सुरुवात घराच्या वरच्या अंगाने करावी. तिथे समतल रेषेत चर खणावा, त्याची माती खालच्या बाजूला टाकावी आणि चराचे तोंड घरापासून दूर, दगड बसवलेल्या जागी काढावे. रेषा धरायला तीन काठ्यांची ए-आकाराची चौकट आणि ओळंबा पुरतो.

मग टप्पे. ते उंच आणि थोडके करण्यापेक्षा बुटके आणि जास्त करावेत. चुन्या-सिमेंटाविना रचलेली दगडी ताल डोंगराकडे किंचित झुकती ठेवावी. फटींतून पाणी झिरपते, माती मागेच राहते. पक्की भिंत हवीच असेल तर तिला पाणी निघायची भोके ठेवावीत आणि मागे खडी भरावी.

उतारावरच्या पाण्याची अशी व्यवस्था मोठ्या जमिनीवरही करता येते. पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या नायगावात, १९७२च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी देवस्थानची ४० एकर उजाड, उताराची जमीन खंडाने घेतली. समतल बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याखाली विहीर खणली. पुढे पाण्याच्या समन्यायी वाटपाची पाणी पंचायत चळवळ तिथूनच उभी राहिली. पुरंदरच्या मानाने चंद्रपूर-गडचिरोलीत पाऊस कितीतरी जास्त, म्हणून इथे अडवण्याइतकीच काढून देण्याची काळजी घ्यावी लागते.

लागवडीत वाळ्याला पहिला मान द्यावा. त्याची मुळे पसरत नाहीत, सरळ खाली जातात, तीन मीटरपर्यंतही. टप्प्याच्या कडेला त्याची दाट ओळ लावावी. बांबू वरची माती छान धरतो, पण भिंतीलगत नको. भाताच्या धुऱ्यावर तूर घेणाऱ्या शेतकऱ्याला कडेची जागा कशी वापरायची हे शिकवावे लागत नाही.

मात्र उतारावर आडव्या भेगा दिसल्या, झाडे कलली किंवा नवे झरे फुटले, तर बागकाम थांबवून घर रिकामे करावे आणि भूवैज्ञानिकाला बोलवावे. ३० जुलै २०१४ला पुणे जिल्ह्यातले माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली.

चर आणि ताल मृगाआधी पुरी व्हावीत. वाळ्याचे ठोंब मात्र दोन-तीन चांगल्या सरी पडून माती भिजल्यावरच लावावेत.