भार एकट्याचा नव्हे

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त, ग्रामपंचायत व महानगरपालिका यांत सेवा केलेल्या बंधुभगिनींच्या सत्कारसभेंत झालेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं आपण आपल्यांतील सरपंच, पंचायतीचे सभासद, नगरसेवक व नगरसेविका यांच्या गळ्यांत हार घालीत आहों. हें योग्यच आहे. ज्यांनीं गांवचे रस्ते, गटारें, पाणी व दिवे यांची चिंता वाहिली, त्यांचें ऋण मानणें हें ख्रिस्ती मनुष्याचें कर्तव्य आहे. परंतु या हारांखालीं एक निराळेंच ओझें झांकून जाण्याचा संभव असतो. पुढाऱ्यानें कधीं थकूं नये, कधीं घाबरूं नये, आणि ‘हें मला ठाऊक नाहीं’ असें तर कधींच म्हणूं नये, ही आपली अपेक्षा म्हणजेच तें ओझें. त्याविषयीं आज चार शब्द बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पवित्र शास्त्रांत मोशेसारखे पुढारी थोडेच सांपडतील. फारोच्या दरबारीं तो उभा राहिला आणि एका गुलाम प्रजेला त्यानें रानांतून वाट दाखविली. तरी गणना या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायांत हाच मोशे परमेश्वरापुढें गाऱ्हाणें करतो, कीं या साऱ्या लोकांचा भार मला एकट्याला झेपत नाहीं. असेंच चालावयाचें असेल तर मला मरण आलेलें बरें. परमेश्वरानें त्याला भेकड म्हटलें नाहीं, कीं त्याचें पद काढून घेतलें नाहीं. लोकांतील सत्तर वडील निवडण्यास सांगून, मोशेवर असलेल्या आत्म्याचा वांटा परमेश्वरानें त्यांस दिला. ‘सर्व कांहीं ठीक चाललें आहे’ असें मोशे म्हणत राहिला असता, तर ते सत्तर जण आपापल्या तंबूंत स्वस्थ बसून राहिले असते. एकाच्या कबुलीनें सत्तरांना कामास बोलाविलें.

कोणी म्हणेल, ही रानांतली जुनी गोष्ट झाली; नगराच्या कारभारांत असें चालावयाचें नाहीं. म्हणून विसाव्या शतकांतील एका महापौराचें उदाहरण आम्ही आपणांपुढें ठेवतों. जॉर्जो ला पीरा यांचा जन्म १९०४ सालीं सिसिली बेटावर झाला. पुढें ते इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं रोमन कायद्याचे प्राध्यापक झाले. १९५१ ते १९५७ आणि पुन्हां १९६१ ते १९६५ या काळांत ते त्या शहराचे महापौर होते. महायुद्धानंतरचे ते दिवस होते. कित्येक कुटुंबांना घर नव्हतें आणि कित्येकांच्या हातांना काम नव्हतें.

महापौर झाले त्याच सालापासून ला पीरा यांनीं मठांत एकांतवासानें राहणाऱ्या भगिनींना पत्रें धाडण्यास आरंभ केला. आपल्यापुढील कार्यें व संकटें ते त्यांस कळवीत, आणि प्रार्थनेचें साहाय्य मागत. ज्यांच्यापाशीं ना अधिकार ना पैसा, अशा भगिनींपुढें एका मोठ्या शहराचा महापौर हात पसरतो, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. १९५३ सालीं पीन्योने नांवाच्या कारखान्यांतील शेंकडों कामगारांची रोजी जाण्याची वेळ आली. कारखाना चालविणें हें महापौराच्या अधिकारांतलें काम नव्हतें. परंतु ‘हें माझ्या हातीं नाहीं’ असें म्हणून ते घरीं बसले नाहींत. ज्यांच्या हातीं होतें त्यांचीं दारें त्यांनीं ठोठावलीं. देशाच्या सरकारी तेल-वायु संस्थेचे प्रमुख एन्रिको मात्तेई यांचें साहाय्य मागितलें. आणि १९५४ सालीं त्या संस्थेनें तो कारखाना आपल्याकडे घेतला. ला पीरा १९७७ सालीं प्रभूच्या घरीं गेले. २०१८ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस ‘वंदनीय’ म्हणून घोषित केलें. ज्याला मागण्याची लाज वाटली नाहीं, त्याच्या हातून शहराचें कल्याण झालें.

आतां आपल्या घराकडे वळूं. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. तालुक्यांतील बरींच गांवें तिच्यांत गेलीं, तर कांहीं गांवीं अद्याप पंचायती आहेत. १९९२ सालच्या घटनादुरुस्तीनें स्थानिक संस्थांत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि महाराष्ट्रानें २०११ सालीं तें प्रमाण निम्म्यावर नेलें. अशा रीतीनें, ज्यांच्या घराण्यांत पूर्वीं कोणीं सभेचें पायरीदेखील चढलेलें नव्हतें, अशीं माणसें आज कारभाराच्या खुर्चीवर बसत आहेत. त्यांच्यापुढें अंदाजपत्रक येतें, ठराव येतात, सहीसाठीं कागद येतात. एखाद्या नव्या भगिनीला त्यांतलें सारें पहिल्याच दिवशीं कसें उमजावें? ‘हें मला समजलें नाहीं, समजावून सांगा’ असें ती म्हणूं शकली, तर गांवचा पैसा सुरक्षित राहील. परंतु लोक हंसतील या भयानें ती गप्प बसली, तर सही तिची होईल आणि कारभार मात्र दुसऱ्याच कोणाचा. कधीं तो दुसरा कोणी तिच्या घरचाच असतो.

याचा अर्थ असा नव्हे, कीं पुढाऱ्यानें चव्हाट्यावर रडत बसावें. मतांसाठीं ढाळलेले अश्रु आणि आळसावर पांघरूण घालणारी नम्रता, यांस आम्ही सद्गुण म्हणत नाहीं. खऱ्या कबुलीचीं तीन लक्षणें आहेत. ती वेळेवर होते. विहिरींना खारें पाणी लागत असेल, तर तें उन्हाळ्याच्या आरंभींच सांगावें, घागरी रिकाम्या झाल्यावर नव्हे. ती योग्य ठिकाणीं होते, म्हणजे ज्यांना झळ बसावयाची आहे त्यांच्यापुढें आणि जे साहाय्य करूं शकतील त्यांच्यापुढें. ग्रामसभा आहे ती यासाठींच. आणि ती रिकाम्या हातांनीं येत नाहीं. ‘एवढें मला जमत नाहीं, एवढें मी करीन, आणि एवढ्यासाठीं मला तुमची गरज आहे’ असें ती सांगते.

परंतु बंधुभगिनींनो, आमच्या बोलण्याचा कठीण भाग पुढेंच आहे, आणि तो हार घालून घेणाऱ्यांसाठीं नसून हार घालणाऱ्यांसाठीं आहे. गेथसेमनी बागेंत आपल्या प्रभूनें पेत्र, याकोब व योहान यांस जवळ नेलें, आपला जीव किती व्याकुळ झाला आहे हें त्यांस उघड सांगितलें, आणि आपणाबरोबर जागे राहण्याची विनंति केली. ज्यानें वादळ शांत केलें त्यानें आपलें दुःख शिष्यांपासून लपविलें नाहीं. आणि शिष्यांनीं काय केलें? ते झोंपी गेले.

आपलेंही असेंच होत नाहीं काय? एखादा सरपंच ग्रामसभेंत म्हणतो कीं, कचऱ्याचा प्रश्न आमच्यानें एकट्यानें सुटत नाहीं; तेव्हां कोणी पुढें येत नाहीं, उलट नाक्यावर त्याची थट्टा होते. मग पुढच्या सभेंत तोही शहाणा होतो आणि ‘सर्व ठीक आहे’ असें सांगूं लागतो. तें असत्य त्याच्या तोंडून निघतें खरें, पण तें शिकविणारे आपण असतों.

म्हणून या ज्युबिलीच्या वर्षीं आम्ही प्रत्येक कुटुंबाकडे एकच भेट मागतों. ग्रामसभेची वा प्रभागांतील सभेची सूचना लागली, म्हणजे घरांतून एकानें तरी अवश्य जावें. आणि कोणी प्रतिनिधि ‘मला मदत हवी’ असें म्हणाला, तर हंसण्यापूर्वीं ‘मी काय करूं?’ असें विचारावें. सत्तर वडील आकाशांतून उतरले नव्हते. ते त्याच छावणींतले होते.

सेवेचा भार वाहणाऱ्या आपल्या या बंधुभगिनींना प्रभु येशू ख्रिस्त आपली दुर्बलता ओळखण्याची नम्रता देवो, ती बोलून दाखविण्याचें धैर्य देवो. आणि त्या वेळीं जागें राहण्याची कृपा आपणां सर्वांस देवो. आमेन.