बोर्बनच्या बाजारांतील वावड्या

नित्याच्या वापरांतला एखादा जिन्नस आतां कायमचा बंद होणार, अशी वार्ता कानीं आली म्हणजे माणसाच्या मनाची किती चलबिचल होते, हें कोणत्याहि संसारी मनुष्यास निराळें सांगावयास नको. दुकानदार हळूच म्हणतो, "आहे तें घेऊन ठेवा, पुढें मिळायचें नाहीं"; आणि एका पुड्याच्या जागीं तीन पुडे घरीं येतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बोर्बन नांवाची जी व्हिस्की होते, तिच्या बाजारांत असल्या वावड्या एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून एकसारख्या उठत आलेल्या आहेत. आज या मार्क्याविषयीं, उद्यां त्या मार्क्याविषयीं. यांपैकीं पुष्कळ खोट्या ठरतात, कांहीं अर्ध्या खऱ्या निघतात, आणि क्वचित् एखादी अक्षरशः खरी होते. ज्यांनीं मद्याला कधीं स्पर्शहि केला नाहीं त्यांनाहि ही हकीकत विचार करण्यासारखी वाटेल. कारण तिच्या मुळाशीं दारू थोडी आणि काळ व विश्वास हेच फार आहेत.

बोर्बन कशास म्हणावें, हें तेथील कायद्यानेंच ठरवून टाकलें आहे. ज्या धान्यापासून ती गाळावयाची त्यांत शेकडा ५१ तरी मका असला पाहिजे. बाकीचा भाग राय, गहू, सातू इत्यादिकांचा. गाळलेला अर्क नव्या, आंतल्या बाजूनें जाळून कोळशासारख्या केलेल्या ओकच्या पिंपांत ठेवला पाहिजे. आणि बाटलींत भरतेवेळीं मद्यार्काचें प्रमाण शेकडा ४० हून कमी असतां कामा नये. ‘स्ट्रेट’ हें विशेषण लावावयाचें असेल तर ती निदान दोन वर्षें पिंपांत राहिलेली हवी. भट्टींतून उतरलेला अर्क पाण्यासारखा निर्मळ असतो. बाटलींत दिसणारा तांबूस रंग आणि येणारा गोडसर वास हें सारें त्या जळक्या लांकडाचें देणें होय. १९६४ सालीं अमेरिकन काँग्रेसनें ठराव करून बोर्बन हें आपल्या देशाचें खास उत्पादन असल्याचें जाहीर केलें. त्यांतला फार मोठा भाग केंटकी या एकाच संस्थानांत तयार होतो.

मुरांब्याप्रमाणें बोर्बनहि मुरावी लागते, आणि हीच तिच्या धंद्याची खरी अडचण आहे. साबण किंवा काड्यापेट्या यांची मागणी वाढली तर कारखाना दोन पाळ्यांऐवजीं तीन पाळ्या चालवितो व काम भागतें. पण २०१५ सालीं विकावयाची बारा वर्षांची बोर्बन २००३ सालींच पिंपांत भरलेली असावी लागते. बारा वर्षांनंतर लोकांची रुचि काय असेल, याचा अदमास मालकाला आजच करावा लागतो. त्यांतहि दर वर्षीं शेकडा तीन-चार भाग लांकडांतून उडून जातो. या घटीला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ असें गोड नांव आहे. बारा वर्षांनीं पिंप उघडावें, तों सुमारें तिसरा हिस्सा देवदूतांनीं नेलेला असतो.

हा अदमास एकदां मोठ्या प्रमाणावर चुकला. १९७० च्या सुमारापासून अमेरिकन लोकांची आवड व्होडकासारख्या रंगहीन मद्यांकडे वळली व बोर्बन हें म्हाताऱ्यांचें पेय समजलें जाऊं लागलें. भट्ट्या एकामागून एक थंडावल्या. लुइव्हिल शहराजवळची स्टिट्झेल-वेलर ही १९३५ सालीं सुरू झालेली नामांकित भट्टी १९९२ सालीं बंद पडली. पुढें नवें शतक उजाडल्यावर काळाचें चक्र फिरलें आणि तरुण मंडळी याच जुन्या पेयाच्या मागें लागली. मागणी वाढली खरी, पण वखारींत होतें काय? मंदीच्या दिवसांत भीत भीत भरून ठेवलेलीं थोडींशीं पिंपें! आग लागल्यावर विहीर खणून काय होणार? आज भरलेलें पिंप कामास यावयाला आठ-दहा वर्षें जावयाचीं. तोंपर्यंत मालकापुढें चारच मार्ग उरतात: किंमत वाढविणें, पाणी अधिक घालणें, लेबलावरील वयाचा आंकडा काढून टाकणें, अथवा तो मार्का मुळांतच बंद करणें. हे चारहि मार्ग अवलंबिले गेले आहेत. म्हणूनच वावडीला बसावयास फांदी मिळते.

मेकर्स मार्क या कंपनीनें २०१३ च्या फेब्रुवारींत जाहीर केलें कीं, माल पुरावा म्हणून आपल्या व्हिस्कींतील मद्यार्काचें प्रमाण शेकडा ४५ वरून ४२ वर आणण्यांत येईल. त्यावर गिऱ्हाइकांनीं असा कांहीं गहजब केला कीं, आठवड्याभराच्या आंतबाहेर कंपनीला तो बेत सोडून द्यावा लागला. एलाइजा क्रेग या मार्क्यावर पूर्वीं ‘बारा वर्षें’ असा आंकडा असे. तो प्रथम पुढच्या लेबलावरून मागच्या लेबलावर गेला, आणि २०१६ च्या जानेवारींत अजिबात नाहींसा झाला. त्यानंतर आठ ते बारा वर्षांच्या पिंपांचें मिश्रण त्याच नांवानें विकलें जाऊं लागलें. ओल्ड चार्टर या मार्क्याची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. तेथें ‘८’ हा आंकडा तसाच राहिला, मात्र त्याच्या शेजारचा वर्षांचा उल्लेख गळाला! हेवन हिल कंपनीची सहा वर्षांची एक स्वस्त बोर्बन केवळ केंटकींत विकली जात असे. ती २०१८ सालीं खरोखरीच बंद झाली, आणि २०१९ सालीं सात वर्षांची होऊन कितीतरी चढ्या भावानें परत आली. दुधानें तोंड पोळलें म्हणजे माणूस ताकहि फुंकून पितो. इतक्या गोष्टी डोळ्यांदेखत झाल्यावर गिऱ्हाइकानें पुढच्या प्रत्येक वावडीवर विश्वास ठेवावा, यांत त्याचा सर्वस्वीं दोष आहे असें म्हणवत नाहीं.

आतां ही वावडी जन्म कशी घेते तें पाहूं जातां तेथील व्यापाराची रचना ध्यानांत घ्यावी लागते. १९२० पासून १९३३ पर्यंत अमेरिकेंत दारूबंदी होती. ती उठल्यावर जी व्यवस्था झाली तींत सामान्यतः तीन पायऱ्या आहेत. कारखानदारानें घाऊक व्यापाऱ्यास माल द्यावा, घाऊक व्यापाऱ्यानें किरकोळ दुकानदारास, आणि दुकानदारानें गिऱ्हाइकास. शिवाय प्रत्येक संस्थानाचे अबकारी नियम निराळे. पेनसिल्व्हेनियासारख्या संस्थानांत तर दारूचीं दुकानें सरकारच चालवितें, आणि कोणता माल ठेवावयाचा याची यादी सरकारच करतें. अशा स्थितींत एखाद्या गांवच्या दुकानांत अमुक बाटली तीन आठवडे आली नाहीं, तर तिचें कारण सांगणार कोण? दुकानदार घाऊक व्यापाऱ्याच्या मुनिमाला विचारतो. मुनीम म्हणतो, "सध्यां येत नाहीं." दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो, "येत नाहीं." गिऱ्हाईक घरीं जाऊन सांगतें, "बंद झाली!" मधला ‘सध्यां’ हा शब्द कोठें गळला, तें कोणालाच कळत नाहीं.

वावडीला इतकेंहि निमित्त लागतें असें नाहीं. बाटलीचा आकार बदलला, लेबलाचा रंग बदलला, कंपनीची मालकी बदलली, एखाद्या सरकारी यादींतून एखादें माप गळलें, कीं लोकांना पुरेसें होतें. कधीं कधीं बक्षीसहि घातक ठरतें. हेन्री मॅकेना या दहा वर्षांच्या बोर्बनला २०१९ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या मद्यस्पर्धेंत सर्वश्रेष्ठ ठरविण्यांत आलें, आणि तोंपर्यंत कोठेंहि सहज मिळणारी ती बाटली पाहतां पाहतां दुर्मिळ झाली.

याच्या उलट प्रकारहि घडतो. २०२५ च्या डिसेंबरांत जिम बीम या सुप्रसिद्ध कंपनीनें जाहीर केलें कीं, क्लेरमाँट येथील आपल्या मुख्य ठिकाणचें गाळप २०२६ सालीं थांबविण्यांत येईल. अर्धी बातमी ऐकणाऱ्याला वाटावें कीं, जिम बीमच बुडाली. वास्तविक बाटल्या भरण्याचें व वखारींचें काम चालूच राहावयाचें होतें. आणि गाळप थांबविण्याच्या मुळाशीं टंचाई नव्हती, तर रेलचेल होती. केंटकींत मुरत पडलेल्या बोर्बनच्या पिंपांची संख्या २०२५ सालीं १ कोटी ६० लाखांवर गेल्याचें तेथील कारखानदारांच्या संघानें सांगितलें होतें. म्हणजे त्या संस्थानांतील दर माणशीं तीन पिंपांहून अधिक! टंचाईच्या काळांत ज्यांनीं घाईघाईनें भट्ट्या वाढविल्या, त्यांचें पीक मागणी ओसरूं लागल्यावर हातीं आलें. अदमास पुन्हां चुकला, एवढाच याचा अर्थ.

खोट्या वावडीचा विशेष असा कीं, ती आपल्या बळावर कांहीं काळ खरी होऊन दाखविते. शंभर गिऱ्हाइकांनीं एकेका बाटलीऐवजीं तीन-तीन घेतल्या कीं फळी रिकामी पडते. मागाहून आलेला मनुष्य ती रिकामी फळी पाहतो व म्हणतो, "लोक म्हणतात तें खोटें नाहीं." मग तो दुसऱ्या गांवीं जाऊन चार घेतो. दुकानदार भाव चढवितो, आणि चढलेला भाव हा वावडीचा दुसरा साक्षीदार होतो. यांत हानि कोणाची होते? ज्याच्याजवळ पैसा आहे, तो आपलें कपाट भरून ठेवतो. पण जो आठवड्याच्या पगारांतून एखादी साधी, स्वस्त बाटली घेत असे, त्याच्या हातून ती जाते, आणि वावडी विरल्यावरहि जुना भाव परत येतोच असें नाहीं. कपाट भरणाऱ्यालाहि लाभ कोणता? पिंपांत मुरणारी व्हिस्की बाटलींत मुरत नाहीं. ज्या वयाची ती भरली त्याच वयाची ती दहा वर्षांनींहि असते.

मग खरें ओळखावें कसें? येथें नांव आणि वस्तु यांचा भेद ध्यानांत धरला पाहिजे. फोर रोझेस या मार्क्याची अस्सल बोर्बन १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्या वेळच्या मालकांनीं, म्हणजे सीग्रॅम कंपनीनें, अमेरिकेंतून काढून घेतली. ती युरोपांत व जपानांत विकली जात राहिली, आणि मायदेशीं त्याच नांवानें एक हलकी मिश्र व्हिस्की मिळूं लागली. नांव जिवंत होतें, वस्तु परदेशीं गेली होती. २००२ सालीं जपानच्या किरिन कंपनीनें तो मार्का विकत घेतला, आणि त्यानंतर अस्सल बोर्बन पुन्हां घरीं आली. उलट ओल्ड क्रो हा एके काळचा मोठा मार्का १९८७ सालीं जिम बीमकडे गेला. जुनी भट्टी बंद झाली, आणि बाटलीवरचें नांव तेंच राहून आंतली व्हिस्की नव्या मालकाच्या पद्धतीची झाली. तेव्हां ‘बंद’ म्हणजे कायमचें गेलें असें नव्हे, आणि ‘चालू’ म्हणजे होतें तेंच आहे असेंहि नव्हे. नॉब क्रीकच्या लेबलावरचा नऊ वर्षांचा आंकडा २०१६ सालीं गेला, तो २०२० सालीं परत आला. ज्याला वस्तूची चाड आहे, त्यानें दुकानदाराच्या तोंडाकडे पाहण्यापेक्षां लेबल नीट वाचावें: वय किती, मद्यार्काचें प्रमाण किती, गाळली कोठें. वावडीचा निकाल चार-सहा महिन्यांत आपोआप लागतो. लेबलावर मात्र बदल मुकाट्यानें होतात.

खरें संकटहि पुष्कळदां वावडीच्या भाकिताप्रमाणें वागत नाहीं. १९९६ च्या नोव्हेंबरच्या ७ तारखेस बार्ड्‌स्टाउन येथें हेवन हिल कंपनीच्या वखारींना आग लागली, आणि सुमारें ९० हजार पिंपें व भट्टी हीं दोन्हीं भस्म झालीं. या कंपनीचे मार्के आतां संपले असें कोणी म्हटलें असतें, तर त्याला वेड्यांत काढावयास कोणी धजला नसता. तथापि तिच्या इतर वखारी शाबूत होत्या. प्रतिस्पर्धी कंपन्यांनीं आपल्या भट्ट्यांतून तिच्यासाठीं गाळून दिलें. आणि १९९९ सालीं लुइव्हिल येथील बर्नहाइम भट्टी विकत घेऊन ती पुन्हां उभी राहिली. तिचे प्रमुख मार्के त्या आगींतूनहि वांचले.

याच्या शेजारीं स्टिट्झेल-वेलरची गोष्ट ठेवून पाहावी. ती भट्टी थंडावली त्या काळीं कोणीं बाटल्यांसाठीं रांगा लावल्या नाहींत कीं कपाटें भरलीं नाहींत. तिची व्हिस्की फळ्यांवर साध्या भावानें पडून असे. आज त्याच जुन्या बाटल्यांसाठीं शौकीन लोक वाटेल ती किंमत मोजतात. जो माल खरोखर गेला त्याच्यासाठीं त्या वेळीं कोणीं हळहळ केली नाहीं, आणि जो माल वखारींत खंडोगणती पडून आहे त्याच्यासाठीं लोकांची झोंप उडते! एखाद्या मार्क्याविषयीं वावडी उठते याचा अर्थ इतकाच कीं, तो अद्याप लोकांना हवा आहे. आणि जो हवा आहे तो मालक सहसा सोडीत नाहीं. काळजी करावयाचीच असेल तर ज्याच्याविषयीं बाजारांत कोणी चकार शब्द काढीत नाहीं, अशा मार्क्याची करावी. बोर्बनच्या बाजाराबाहेरहि, ज्या जुन्या जिन्नसा व जे जुने कारागीर यांची आज कोणी विचारपूस करीत नाहीं, त्यांच्याविषयीं सुज्ञ श्रोत्यांनीं असाच विचार करून पाहावा.