श्रमदान आणि वेठ



डोंगर राखावा, ओढा अडवावा, झाडे जगवावीत, असे गावाने आवाहन केले म्हणजे आपल्या वस्तीतील वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी पडते. वतनाच्या नावाखाली गावकीची कामे करण्यात ज्यांच्या पिढ्या खपल्या, त्यांना त्या हाकेत जुनी वेठच ऐकू येते. म्हणून श्रमदान कोणते आणि वेठ कोणती, याचा निवाडा करणे अवश्य आहे.

वतनाचे जोखड १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायद्याने उतरले. संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीस मनाई केली आहे. शासनास सार्वजनिक कामासाठी सेवा सक्तीची करता येते. परंतु तीतही धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेद करता येत नाही. दुसरीकडे, १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या ५१-क कलमाने वने, सरोवरे व नद्या यांचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले. त्यात आपणही आलो आणि जमीनवालेही आले.

हे कर्तव्य पाळल्याने काय घडते, हे आपल्याच जिल्ह्यात दिसते. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे अल्प पावसाचे गाव. १९७२ च्या दुष्काळाने ते मोडून पडले व माणसे पोटासाठी परागंदा झाली. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारली; डोंगरउतारावर चर खोदले, ओढ्यांवर बांध घातले, झाडे लावली. पाणी जमिनीत मुरून विहिरींना आले. शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी झाली आणि दरवर्षी पाण्याचा जमाखर्च मांडला जाऊ लागला.

परंतु भूमिहीनाने येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. मुरलेले पाणी विहिरीत येते, विहीर कोणाची? चराई बंद झाल्यावर दोन शेळ्यांवर जगणाऱ्या विधवेने काय करावे? चर सर्वांनी खोदावा आणि पीक थोड्यांनी घ्यावे, याला दान म्हटले तरी ती वेठच होय.

यावर उपाय आहे. हिवरे बाजारात जनावरे सोडण्यास बंदी असली तरी गवत कापून नेण्याची मोकळीक ठेवली आहे. शेजारच्या पुणे जिल्ह्यात, त्याच १९७२ च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावी काम आरंभिले व त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिच्या नियमाप्रमाणे पाण्याचा वाटा घरातील माणसांच्या संख्येवर ठरतो आणि भूमिहीनासही पाण्यावर हक्क असतो.

म्हणून माझी विनंती अशी की, कुदळ हाती घेण्यापूर्वी ग्रामसभेस जा. घरातील स्त्रियांनाही सोबत न्या. गवत, सरपण व पाणी यांत भूमिहीनाचा वाटा किती, हातावर पोट असणाऱ्याच्या बुडालेल्या रोजाचे काय, हे ठरावात लिहवून घ्या व ठरावाची नक्कल जपून ठेवा. एवढे झाल्यावर मात्र कामात कोणाच्या मागे राहू नका. वाटा मागणाऱ्याने डोंगर राखण्यासही पुढे असले पाहिजे.