एकच क्षण, चार घड्याळे

चिखलीकडच्या एखाद्या गावात कडब्याच्या गंजीला आग लागली असे समजा. एक जण सांगेल, दिवेलागणीला लागली. दुसरा म्हणेल, मेहकरची गाडी येऊन गेल्यावर. तिसरा ठासून सांगेल, सात वाजून दहा मिनिटांनी. पण त्याचे घड्याळ कुणाच्या घड्याळाशी लावलेले? तिघेही खरे बोलत असतील, अन् तरी वेळा तीन निघतील.

आता कराचीची गोष्ट ऐका. ५ सप्टेंबर १९८६ रोजी पॅन ॲम कंपनीचे ७३ क्रमांकाचे विमान मुंबईहून तेथे उतरले. पुढे फ्रँकफुर्टवरून न्यूयॉर्कला जायचे होते. सकाळी सहाच्या सुमारास सुरक्षारक्षकांच्या वेषात चार बंदूकधारी आत घुसले. विमानसेविकांनी इशारा दिला, वैमानिक निसटले आणि विमान जागीच अडकले.

कराचीत सहा, तेव्हा मुंबईत साडेसहा. फ्रँकफुर्टला पहाटेचे तीन. न्यूयॉर्कला तर रात्रीचे नऊ, आणि तारीख ४ सप्टेंबर! तिथला माणूस ‘काल रात्री’ म्हणेल, मुंबईचा ‘आज सकाळी’. दोघांपैकी खोटा कोण? कुणीच नाही. अहो, आपल्या बुलढाण्याचेच बघा ना. देशाची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावरून ठरते, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळातल्या बारानंतर सरासरी पंचवीस मिनिटांनी. शाळेच्या अंगणात काठी रोवून गुरुजींनी मुलांना हे जरूर दाखवावे.

हे प्रकरण कुणी सोळा तासांचे सांगतो, कुणी सतरा. मोजणी कुठून धरली, त्यावर ते अवलंबून. इथपर्यंत भांडण मिटते.

पण रात्री विमानाला वीज पुरवणारे यंत्र थांबले, दिवे मालवले आणि अंधारात गोळीबार झाला. किमान वीस माणसे गेली, शंभरावर जखमी झाली. मुंबईत वाढलेल्या नीरजा भनोट या विमानातल्या मुख्य सेविका. प्रवाशांना बाहेर काढताना त्यांना गोळी लागली. दोन दिवसांनी त्यांना तेवीस वर्षे पुरी व्हायची होती. सरकारने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले.

दिवे गेल्यावर कमांडो किती वेळाने आले? अधिकारी म्हणाले, लगेच. सुटलेले प्रवासी म्हणाले, आम्हीच दारे उघडून उड्या टाकल्या, सैनिक मागाहून आले. इथे मात्र सगळे एकाच विमानतळावर, एकाच घड्याळाखाली होते. हा फरक प्रमाणवेळेच्या माथी मारता येत नाही. भीतीत मिनिट तासासारखे वाटते हे खरे. पण उशिराचा जाब ज्याला द्यायचा असतो, त्याचे मिनिट आखूड होते, हेही तितकेच खरे.

गुरुजी, फळ्यावर रकाने पाडा: कोण सांगतो, तो कुठे होता, घड्याळ कुठले, मोजणी कुठून. मुलांकडून एकेक हकिकत त्यात भरून घ्या. अर्ध्या तासाचे फरक आपोआप पुसले जातील. अंधारातली ती मिनिटे तेवढी फळ्यावर राहू द्या.