पार्ल्यातली तीन भाषणं

डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ले विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. पोटनिवडणूक म्हटली की शेजारच्या मतदारसंघालाही तिचा पत्ता नसतो. ही मात्र आजही कायद्याच्या वर्गात शिकवली जाते. शिवसेनेचे उमेदवार होते मुंबईचे महापौर डॉ. रमेश प्रभू आणि समोर काँग्रेसचे प्रभाकर कुंटे. २९ नोव्हेंबर, ९ डिसेंबर आणि १० डिसेंबर अशा तीन सभांमध्ये बाळासाहेब ठाकरे बोलले. भाषणांचा रोख आडपडद्याचा नव्हता. ही निवडणूक हिंदूंच्या रक्षणासाठी आहे, मुसलमानांच्या मतांची आम्हाला फिकीर नाही, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. प्रभू निवडून आले आणि कुंटे हायकोर्टात गेले. एप्रिल १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती निवडणूक रद्द ठरवली.

प्रभूंचं अपील सर्वोच्च न्यायालयात पोचलं. ११ डिसेंबर १९९५ रोजी न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या पीठानं निकाल दिला. या निकालाचं एकच वाक्य महाराष्ट्राच्या, खरं तर देशाच्या, तोंडी बसलं: हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे असं सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय. पानाच्या गादीवर, लोकलच्या डब्यात, टीव्हीवरच्या चर्चेत ते सारखं कानावर येतं. कुणी अभिमानानं सांगतं, कुणी कपाळाला हात लावून. गंमत अशी, की या दोघांपैकी बहुतेकांना एक साधी गोष्ट ठाऊक नसते. त्या निकालात प्रभू हरले होते.

न्यायालयाचं म्हणणं असं होतं की ‘हिंदुत्व’ हा शब्द भाषणात आला एवढ्यानं गुन्हा होत नाही. तो शब्द जगण्याच्या पद्धतीबद्दलही असू शकतो, म्हणून तो कुठे, कसा आणि कशासाठी वापरला ते तपासायचं. आणि पार्ल्यातल्या भाषणांत तो कसा वापरला हे तपासल्यावर न्यायालयानं ती भाषणं सरळ ‘भ्रष्ट आचार’ ठरवली, त्यांच्या भाषेबद्दल नापसंतीही नोंदवली. डॉ. प्रभूंची आमदारकी रद्दच राहिली. पुढे निवडणूक आयोगाच्या सल्ल्यावरून राष्ट्रपतींनी जुलै १९९९ मध्ये आदेश काढला आणि खुद्द ठाकरे यांचा मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा अधिकार डिसेंबर १९९५ पासून सहा वर्षांसाठी काढून घेतला गेला. सप्टेंबर १९९९ मध्ये महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभेचं मतदान झालं, तेव्हा राज्यातला हा सर्वांत गर्दी खेचणारा वक्ता मतदान करू शकत नव्हता.

त्याच दिवशी, त्याच पीठानं मनोहर जोशी यांच्या अपिलाचाही निकाल दिला. जोशी तोवर मुख्यमंत्री झाले होते. प्रकरण १९९० च्या दादरच्या निवडणुकीचं होतं. शिवाजी पार्कवरच्या सभेत, महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य स्थापन होईल, अशा अर्थाचं ते बोलले होते आणि उच्च न्यायालयानं त्यांचीही निवडणूक रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयानं मात्र ती कायम केली. असं विधान निंद्य असलं तरी ती एक आशा आहे, धर्माच्या नावावर मागितलेलं मत नव्हे, असा युक्तिवाद निकालात आहे.

हा फरक पटो न पटो, तो माहीत असायला हवा. अनेकांना तो तेव्हाही पटला नाही. ‘हिंदू राज्य आणू’ असं निवडणुकीच्या मैदानात सांगणं आणि ‘हिंदू म्हणून मत द्या’ असं सांगणं यांत मैदानातल्या श्रोत्याला किती अंतर जाणवतं, हा प्रश्न रास्तच आहे. पण ज्यानं दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहिले त्याचा आक्षेप आणि ज्यानं ते एक वाक्य ऐकीव उचललं त्याचा आक्षेप, यांचं वजन सारखं असत नाही.

ज्या कलमावर हे सगळं उभं आहे ते लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम १२३, पोटकलम ३. उमेदवारानं, त्याच्या एजंटानं किंवा त्या दोघांपैकी एकाच्या संमतीनं दुसऱ्या कुणी धर्म, वंश, जात, जमात किंवा भाषा यांच्या नावावर मत मागितलं किंवा मत देऊ नका असं सांगितलं, तर तो भ्रष्ट आचार. नेत्याच्या भाषणाची किंमत उमेदवारानं मोजली ती या ‘संमती’मुळे. मुळात १९५१ साली कायद्याला असा प्रचार ‘पद्धतशीर’ असायला हवा होता. १९६१ च्या दुरुस्तीनं ती अट काढली, म्हणजे एक सभादेखील पुरे. शिवाय त्याच दुरुस्तीत ‘त्याचा’ धर्म, ‘त्याची’ जात अशी शब्दयोजना आली आणि वकिलांना पुढची पन्नासेक वर्षं पुरेल एवढं काम मिळालं. ‘त्याचा’ म्हणजे कुणाचा? उमेदवाराचाच, की ऐकणाऱ्या मतदाराचाही?

हा प्रश्न सुटला तोही मुंबईच्याच एका खटल्यात. सांताक्रूझमधून १९९० मध्ये निवडून आलेले भाजपचे अभिराम सिंह यांची निवडणूक उच्च न्यायालयानं रद्द केली होती. अपील आधी पाच न्यायमूर्तींकडे, मग सात न्यायमूर्तींकडे गेलं आणि २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन असा निकाल लागला. सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर, न्या. मदन लोकूर, न्या. एल. नागेश्वर राव आणि मूळचे नागपूरचे न्या. शरद बोबडे यांचं बहुमत म्हणालं की यात मतदाराचाही धर्म येतो. स्वतः एका धर्माचा असून दुसऱ्या धर्माच्या वस्तीत जाऊन त्यांच्या धर्माच्या नावानं मत मागणाऱ्याची पळवाट त्यामुळे बंद झाली.

विरोधी मत लिहिलं न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. त्यांच्यासोबत न्या. ए. के. गोयल आणि न्या. उदय लळीत होते. हे मत ‘धर्माची बाजू घेणारं’ म्हणून मोडीत काढणं सोपं आहे आणि चूकही. त्यांचा मुद्दा वेगळाच होता. या देशात माणसांवर अन्याय झाला तो जातीमुळे, धर्मामुळे, भाषेमुळे. ज्या कारणानं एखाद्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवलं, तेच कारण निवडणुकीत उच्चारायचं नाही म्हटलं, तर त्या समाजानं आपलं गाऱ्हाणं मांडायचं कुठे? दलित वस्तीत उभं राहून ‘तुमच्यावर जात म्हणून अन्याय झाला’ एवढंही बोलणं संकटात येईल का? फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात हा प्रश्न कुणाला क्षुल्लक वाटू नये. बहुमताचा निकाल कायदा झाला हे खरं, पण हे तीन जणांचं मत वाचल्याशिवाय या विषयावर तावातावानं बोलणं जरा घाईचंच.

मराठी माणसानं आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: त्या यादीत ‘भाषा’सुद्धा आहे. ‘मी मराठी, म्हणून मला मत द्या’ हे धर्माच्या नावावर मत मागण्याइतकंच आक्षेपार्ह ठरू शकतं. मात्र एखाद्या भाषेच्या जतनासाठी लढण्याचं आश्वासन देणं यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६४ मध्येच जगदेव सिंह सिद्धांती यांच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे.

कायद्याच्या जोडीला निवडणूक आयोगाची आचारसंहिता असते. तिच्यात आमदारकी काढून घेण्याचं बळ नाही, पण प्रचार थांबवण्याचं आहे. एप्रिल २०१९ मध्ये आयोगानं योगी आदित्यनाथ यांना ७२ तास आणि मायावतींना ४८ तास प्रचार करू दिला नाही. एकाच्या भाषणात अली-बजरंगबली, दुसरीच्या भाषणात मुसलमान मतदारांना एकगठ्ठा मतांचं आवाहन. दोन्हीकडच्या समर्थकांना आपल्याच नेत्यावर अन्याय झाल्यासारखं वाटलं. एप्रिल २०२४ मध्ये उद्धव ठाकरे यांच्या पक्षाला प्रचारगीतातले ‘हिंदू’ आणि ‘जय भवानी’ हे शब्द काढायला सांगणारी नोटीस आली. ठाकरे यांनी साफ नकार दिला आणि पंतप्रधानांनी कर्नाटकात बजरंगबलीच्या नावानं मतं मागितली त्याचं काय, असा उलट सवाल केला. सवाल बिनतोड होता. नियम सगळ्यांना एकाच मापानं लावला जातो का, हे पाहणारा मतदारही कुठल्या एका पक्षाचा असून चालत नाही.

धर्म सरकारात शिरतो तो फक्त सभेच्या मैदानातून नव्हे. कधीकधी सरकारच धर्मात शिरतं आणि तेही कायद्यानं. पंढरपूर घ्या. आषाढी एकादशीला पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची महापूजा करतात आणि रांगेतल्या एका दांपत्याला मानाचे वारकरी म्हणून त्यांच्याशेजारी बसण्याचा मान मिळतो. निधर्मी राज्यात सरकारनं पूजा का करावी, हा आक्षेप समाजवाद्यांनी जुन्या काळीच घेतलेला आहे. २०१८ मध्ये मराठा आंदोलनाच्या तणावामुळे देवेंद्र फडणवीस पंढरपूरला गेले नाहीत, त्यांनी ‘वर्षा’वर पूजा केली.

पण पूजेच्या बातमीआड एक मोठी गोष्ट दडते. या देवळाचा कारभार चालतो १९७३ च्या पंढरपूर मंदिरे कायद्यानं. बडवे आणि उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क या कायद्यानं संपवले, त्यावर वर्षानुवर्षं खटले चालले आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारच्या बाजूनं शेवटचा शब्द टाकला. त्याआधी, १९४७ च्या मे महिन्यात, याच देवळाची दारं अस्पृश्यांना खुली व्हावीत म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केलं होतं. राज्यघटनेच्या २५ व्या कलमात सर्व हिंदूंना सार्वजनिक देवळं खुली करणारा कायदा करण्याचा सरकारचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे. धर्म आणि सरकार यांच्यात आपल्याकडे भिंत नाही. दार आहे आणि ते कधी कुणी उघडायचं यावर भांडण आहे. ‘सरकारनं धर्मात पडूच नये’ असं ठणकावणाऱ्याला पंढरपूरच्या दाराचं काय, असं विचारून पाहावं.

पैशाचंही तसंच. हज यात्रेचं अनुदान हा वर्षानुवर्षं निवडणुकीतला हमखास विषय होता. घटनेचं २७ वं कलम सांगतं की एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी खास कर लावून पैसा वापरता येणार नाही. या कलमाच्या आधारे हज अनुदानाला आव्हान दिलं गेलं तेव्हा २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. कराच्या एकूण रकमेतला मोठा हिस्सा खर्च होत असेल तरच कलमाचा भंग होतो, असं ते म्हणालं. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठानं हे अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं आणि केंद्रानं ते २०१८ मध्ये थांबवलं. म्हणजे अनुदान घटनेत बसतही होतं आणि ते असू नये असं न्यायालयाला वाटतही होतं. कुंभमेळ्याच्या घाटांवर आणि वारीच्या पालखीतळांवर होणारा खर्च याच चौकटीत मोजायला हवा. हज अनुदानावर संतापणारे नाशिकच्या कुंभाबद्दल गप्प असतात आणि याच्या उलटही घडतं.

हे सगळं आधीच्या पिढीला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा सुरू होती आणि ह. वि. कामत यांनी सुचवलं की तिची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी व्हावी. सभेत चुळबूळ झाली. पूर्णिमा बॅनर्जींनी विनवलं की देवावर मतदान करण्याची वेळ आमच्यावर आणू नका. पंडित हृदयनाथ कुंझरू स्वतः ईश्वर मानणारे, पण त्यांचं म्हणणं असं, की ही भावना माणसानं स्वतःपुरती ठेवावी, दुसऱ्यावर लादू नये. कामत हटले नाहीत, मतदान झालंच. बाजूनं ४१, विरोधात ६८. कामतांनी तिथेच हा काळा दिवस असल्याचं सांगितलं आणि देवच भारताचं रक्षण करो, अशी पुस्ती जोडली. आज मंत्री ‘ईश्वरसाक्ष शपथ’ घेतात किंवा ‘गांभीर्यपूर्वक’ प्रतिज्ञा करतात. दोन्ही वाटा घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत उघड्या ठेवल्या आहेत. शपथविधी रेडिओवर ऐकताना कोण कोणती वाट धरतो ते ऐकू येतं.

राहता राहिला मतदाराच्या हातातला उपाय. उमेदवारानं धर्माच्या नावावर मत मागितलं तर निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. ती पराभूत उमेदवारानंच करावी असं नाही. त्या निवडणुकीत मतदानाचा हक्क असलेल्या कोणालाही ती करता येते, ही तरतूद १९५१ च्या कायद्यात पहिल्यापासून आहे आणि फारच थोड्यांना माहीत आहे. भाषण मोबाइलवर चित्रित झालेलं असतं, म्हणजे पार्ल्याच्या वेळेपेक्षा पुरावाही हाताशी असतो. अशी याचिका शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावी, असंही कायदा म्हणतो. सांताक्रूझच्या अपिलातल्या त्या एका प्रश्नाचं उत्तर यायला २०१७ उजाडलं आणि तोवर १९९० ची ती विधानसभा मुदत संपून बावीस वर्षं झाली होती.