जमा झालेले आणि हाती आलेले

(पंचायत समितीच्या सभागृहात ग्रामपंचायत अधिकारी, प्राथमिक शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठी भरलेल्या शिबिरात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



शासकीय योजनांच्या प्रसिद्धीविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी संयोजकांची इच्छा आहे. गेली अनेक वर्षे मी हेच काम करीत आलो आहे. अनुदानाची रक्कम लाभार्थींच्या खात्यात जमा झाली, अशी बातमी तयार करून ती वृत्तपत्रांकडे पाठविली की आपले कर्तव्य पूर्ण झाले, अशी माझी समजूत होती. ती समजूत एका शेतमजूर बाईंनी दूर केली. आज मी त्या अनुभवापासूनच आरंभ करणार आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे जुलै व ऑगस्ट या दोन महिन्यांचे मिळून तीन हजार रुपये महिलांच्या खात्यांत जमा झाले. त्या सुमारास एका गावच्या सभेत मी ही माहिती देत असता मागे बसलेल्या एक विधवा बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, जमा झाले म्हणता ते खरं. पण माझ्या हातात तीन हजार आले नाहीत. बँकेनं कापले." किती कापले, कशासाठी कापले, हे त्यांना सांगता येईना. मीही त्यांना "बँकेत चौकशी करा" एवढेच सांगून पुढच्या विषयाकडे वळलो. सभा संपल्यावर गावातील शाळेचे गुरुजी मला म्हणाले, "चौकशी करायला बाईंना एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जावे लागेल आणि तिथे त्यांना कोणी उत्तर देणार नाही." ते शब्द मला लागले.

पासबुक काय सांगते

पुढच्या शनिवारी गुरुजींनी त्या बाईंबरोबर बँकेत जाऊन पासबुक भरून घेतले. दोन वर्षांहून अधिक काळ त्यात एकही नोंद उमटलेली नव्हती. खाते साधे बचत खाते होते. पती हयात असताना दुधाच्या पैशांसाठी ते काढले होते आणि त्यांच्या निधनानंतर त्यात दोनशे छत्तीस रुपये उरले होते. किमान शिल्लक नाही म्हणून बँकेने दर तिमाहीस शंभर रुपये आणि त्यावर अठरा रुपये कर, असे एकशे अठरा रुपये लावले. दोन तिमाहींत शिल्लक शून्यावर आली. त्यानंतरच्या सात तिमाहींचे आठशे सव्वीस रुपये बँकेने येणे म्हणून मांडून ठेवले आणि शासनाचे तीन हजार येताच त्यांतून वळते करून घेतले. बाईंच्या हाती दोन हजार एकशे चौऱ्याहत्तर रुपये आले.

रक्कम लहान आहे, असे येथील कोणास वाटेल. ज्या घरात मजुरीच्या दिवसावर चूल पेटते, त्या घरात आठशे सव्वीस रुपये म्हणजे तीन-चार दिवसांचे श्रम होत. शिवाय खात्यात पैसे नाहीत म्हणून आकारलेला दंड हा स्वभावतःच ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याच्याकडून वसूल होतो.

थेंबे थेंबे तळे कसे साचते, हेही पाहण्यासारखे आहे. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत एकट्या भारतीय स्टेट बँकेने किमान शिल्लक न राखल्याबद्दल सुमारे १,७७१ कोटी रुपये गोळा केल्याची माहिती प्रसिद्ध झाली होती. लोकांतून व संसदेतून टीका झाल्यानंतर त्या बँकेने प्रथम दर कमी केले आणि मार्च २०२० मध्ये सर्व बचत खात्यांवरील हा दंड रद्द केला. २०२५ च्या मध्यास कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक आदी सरकारी बँकांनीही तो मार्ग अनुसरला. तथापि, पूर्वी कापलेली रक्कम या निर्णयांनी आपोआप परत मिळत नाही. ती मागावी लागते.

नियम कोणते आहेत

मागण्यासाठी आधार हवा. तो रिझर्व्ह बँकेच्या आदेशांत आहे.

पहिला आदेश २० नोव्हेंबर २०१४ चा. अनुसूचित व्यापारी बँकांना उद्देशून काढलेला हा आदेश १ एप्रिल २०१५ पासून अंमलात आला. शिल्लक किमान मर्यादेखाली गेल्यास बँकेने खातेदारास संदेशाने, ई-मेलने अथवा पत्राने कळवावे. ती भरून काढण्यास एक महिन्याची मुदत द्यावी. दंड हा जेवढी रक्कम कमी पडली असेल तिच्या प्रमाणात असावा. आणि केवळ या दंडामुळे बचत खात्यातील शिल्लक उणे होता कामा नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. यातील शेवटचे कलम आपण विशेष ध्यानात ठेवावे.

दुसरा आदेश निष्क्रिय खात्यांविषयीचा. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने स्वतः व्यवहार न केल्यास खाते निष्क्रिय समजले जाते. अशा खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावू नये, असे रिझर्व्ह बँकेने मे २०१४ मध्ये बजावले आणि जानेवारी २०२४ च्या सुधारित सूचनांत त्याचा पुनरुच्चार केला. खाते पुन्हा सुरू करण्यासाठीही शुल्क घेता येत नाही.

तिसरी तरतूद आहे मूलभूत बचत ठेव खात्याची. ऑगस्ट २०१२ पासून प्रत्येक बँकेने हे खाते सर्वांना उपलब्ध करून द्यावयाचे आहे. त्यास किमान शिल्लकेची अट नाही. महिन्यातून किमान चार वेळा पैसे विनाशुल्क काढता येतात. २८ ऑगस्ट २०१४ रोजी आरंभ झालेल्या जनधन योजनेतील खाती याच प्रकारची आहेत. साधे बचत खातेही अर्ज करून या प्रकारात बदलून घेता येते. मात्र मग त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. आपल्या गावांतील कित्येक गरीब खातेदार हा अर्ज न केल्यामुळेच दंडास पात्र ठरत राहतात.

परतावा मिळतो, याचा पुरावा

बँकेने एकदा घेतलेले पैसे परत येत नाहीत, असे लोक म्हणतात. या समजुतीस छेद देणारे उदाहरण मुंबईतीलच आहे. मूलभूत खात्यांतून महिन्याच्या चार व्यवहारांनंतर होणाऱ्या प्रत्येक व्यवहारास, तो डिजिटल असला तरी, सतरा रुपये सत्तर पैसे आकारले जात असल्याचे भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील प्रा. आशिष दास यांनी आपल्या अभ्यासातून दाखवून दिले. २०१५ ते २०२० या काळात सुमारे बारा कोटी मूलभूत खात्यांतून स्टेट बँकेने अशा रीतीने तीनशे कोटींहून अधिक रुपये घेतल्याचा त्यांचा निष्कर्ष एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी, ३० ऑगस्ट २०२० रोजी, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने बँकांना सांगितले होते की, यूपीआय व रुपे कार्डासारख्या विहित साधनांनी झालेल्या व्यवहारांवर १ जानेवारी २०२० पासून घेतलेले शुल्क परत करावे. त्यानुसार सुमारे नव्वद कोटी रुपये खातेदारांना परत गेले. त्याआधीच्या काळातील मोठी रक्कम मात्र परत झाली नसल्याचे संस्थेच्या पुढील अहवालातून दिसून आले.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. परतावा मिळू शकतो, ही पहिली. जेथे नियमाचे बोट धरता आले तेथेच तो मिळाला, ही दुसरी.

अर्ज कसा करावा

आता त्या बाईंच्या प्रकरणाकडे वळतो. गुरुजींनी मराठीत एक पानाचा अर्ज लिहिला. त्यात खाते क्रमांक, कपातीच्या नऊ नोंदींची तारीख व रक्कम आणि २०१४ च्या आदेशाचा उल्लेख होता. शिल्लक शून्य झाल्यानंतर लावलेला दंड नियमबाह्य असल्याने परत करावा. त्याआधीचा दंड बाईंची परिस्थिती पाहून माफ करावा. खाते मूलभूत खात्यात बदलून द्यावे. आणि उत्तर लेखी द्यावे, अशा चार मागण्या होत्या. रेशनकार्डाची प्रत जोडली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घेतली. ही पोच म्हणजे अर्जाचा प्राण होय. तोंडी तक्रारीची नोंद कोठेही राहत नाही.

तीन आठवड्यांनी आठशे सव्वीस रुपये खात्यात परत जमा झाले आणि खातेही बदलून मिळाले. पहिले दोनशे छत्तीस रुपये मात्र मिळाले नाहीत. त्या वेळी नोंदलेल्या भ्रमणध्वनीवर पूर्वसूचना पाठविली होती, असे बँकेचे उत्तर आले. तो क्रमांक बाईंच्या दिवंगत पतीचा होता आणि केव्हाच बंद पडला होता.

हा भेद मी मुद्दाम सांगत आहे. नियम मोडून घेतलेले शुल्क परत मागणे हा खातेदाराचा हक्क आहे. नियमानुसार घेतलेले शुल्क केवळ हलाखीच्या कारणावरून परत मिळण्याचा हक्क मात्र नाही. ती विनंती असते आणि ती मान्य करणे बँकेच्या मर्जीवर असते. आजारपण, वैधव्य, नापिकी यांचे दाखले जोडून विनंती अवश्य करावी. शाखाधिकाऱ्यांपैकी अनेक जण सहानुभूतीने विचार करतात. मात्र लोकांना खोटी आशा आपण दाखवू नये.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेने देशभरच्या लेखी तक्रारी चंदीगड येथील एकाच केंद्राकडे स्वीकारण्याची सोय केली. तक्रार कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, साध्या टपालाने पाठविता येते आणि तिला शुल्क पडत नाही. वकिलाची गरज नाही. खातेदाराने अधिकारपत्र दिल्यास शिक्षक वा अन्य प्रतिनिधी त्याच्या वतीने तक्रार करू शकतो. बँकेच्या व्यावसायिक निर्णयात लोकपाल हात घालीत नाहीत, म्हणून तक्रारीत नियमभंग कोणता झाला हे प्रथम लिहावे.

जुन्या कपातींबाबत विलंब करू नये. मुदतीच्या कायद्याने अशा मागण्यांना सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मर्यादा आहे. पासबुकात जुन्या नोंदी नसतील तर खाते उतारा मागून घ्यावा. आणि "तुमचे पैसे परत मिळवून देतो" असे सांगून कार्डाचा क्रमांक अथवा ओटीपी विचारणाऱ्या मध्यस्थास दारातही उभे करू नये.

आपले काम

लाडकी बहीण योजनेचे पैसे बँकांनी जुन्या थकबाकीपोटी वळते करू नयेत, असे राज्य शासनाने ऑगस्ट २०२४ मध्येच बँकांना सांगितले होते. शासन सांगते, रिझर्व्ह बँक आदेश काढते, तरीही कपात झालेली आहे की नाही हे कळण्यासाठी कोणीतरी पासबुक उघडून वाचावे लागते. ते वाचणारा माणूस गावात आपणच आहात.

माझी आपणांस एवढीच सूचना आहे. ग्रामपंचायतीने महिन्यातील एक दिवस पासबुक वाचनासाठी ठेवावा. बचतगटाच्या भगिनींनी त्या दिवशी निराधार, विधवा, वृद्ध आणि शिष्यवृत्ती मिळणाऱ्या मुलांच्या पालकांना बोलवावे. शिक्षकांनी कपातीच्या नोंदींखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. खाते कोणत्या प्रकारचे आहे आणि भ्रमणध्वनी क्रमांक चालू आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. जेथे आवश्यक तेथे अर्ज लिहून द्यावा. यास स्वतंत्र निधी लागत नाही, की वरिष्ठांच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

त्या दिवसापासून मी माझ्या बातमीत एक वाक्य वाढविले आहे. रक्कम जमा झाल्याचे सांगून झाल्यावर मी लिहितो की, लाभार्थींनी पासबुक भरून घ्यावे, कपात आढळल्यास ग्रामपंचायतीत दाखवावी. ते वाक्य वाचून कोणी आपल्या दारी आल्यास त्यास परत पाठवू नये, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.