नाव आपले, सातबारा दुसऱ्याचा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला आज येथे उभे केले आहे ते माझे कौतुक करण्यासाठी नव्हे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. २०२५ च्या दिवाळीत आपल्या मंडळाची जी फजिती झाली, तिची जबाबदारी चिटणीस या नात्याने माझ्याकडे येते. कार्यकारिणीपुढे मी तसे कबूलही केले आहे. तेव्हा असे ठरले की, झाले ते सर्वांना नीट समजावून सांगावे. ज्यांच्या लेकीसुना घरबसल्या मसाले, शिवण, शिकवणी असा काही व्यवसाय करतात, त्यांना तरी त्याचा उपयोग होईल. विषय इंटरनेटवरच्या नावाचा, म्हणजे ज्याला डोमेन नेम म्हणतात त्याचा आहे. ऐकायला रूक्ष वाटेल, पण नावाचा विषय बायकांना परका नाही. बारशाला कानात नाव सांगणारी आत्या आपणच, आणि लग्नात नाव बदलून घेणाऱ्याही आपणच.

आधी फजिती सांगते. टाळेबंदीनंतर, २०२१ साली, आपल्या पापड-शेवयांना पुण्या-नागपूरकडून मागणी येऊ लागली, तेव्हा मंडळाची वेबसाइट करावी असे ठरले. ओळखीच्या एका हुशार मुलाने ती हौसेने करून दिली. नाव त्याने स्वतःच्या खात्यातून घेतले, पैसे त्यानेच भरले आणि मी ते त्याला रोख चुकते केले. जमाखर्चाच्या वहीत लिहिले, "वेबसाइट खर्च". पावती मागितली नाही. भाजीवाल्याकडून दोन रुपये परत घ्यायला विसरत नाही अशी मी, पण येथे मात्र गप्प राहिले. कारण जे कळत नव्हते ते विचारायची लाज वाटली.

दोन वर्षांनी त्या मुलानेच आठवणीने मुदत वाढवली. मग त्याला नोकरी लागली, त्याने गाव सोडले, फोन नंबर बदलला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर साचत राहिल्या, जशी बंद घराच्या दाराखाली पत्रे साचतात. २०२५ च्या जुलैत मुदत संपली. पावसाळ्यात पापडाला गिऱ्हाईक नसते, म्हणून वेबसाइट बंद पडल्याचे कोणाच्या ध्यानी आले नाही. दिवाळीच्या तोंडावर नागपूरच्या एका नेहमीच्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. "अहो, तुमच्या पिशवीवरचा पत्ता उघडला तर पैशांच्या जुगाराची जाहिरात येते. माझ्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या!" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आणि त्याच नावाच्या दोन हजार नव्या पिशव्या छापून आपल्या खोलीत येऊन पडल्या होत्या.

बैठकीत ही हकिकत सांगितली तेव्हा आपल्यातल्या सर्वांत वडील सभासद म्हणाल्या, "अवं, नाव बी कधी भाड्यानं भेटते काय वो?" सगळ्या हसल्या, पण गेल्या चार वर्षांत कोणी विचारायला हवा होता तो हाच प्रश्न. होय, नाव भाड्यानेच मिळते. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. भाडे भरत राहाल तोवर तुमचे. चुकलात तर काही दिवसांची सवलत मिळते, पुढे दंड भरून सोडवता येते, आणि तेही टळले की नाव पुन्हा बाजारात येते. अशा सुटलेल्या नावांवर टपून बसणारे लोक आहेत, कारण जुन्या नावाला आयती माणसे येतात. १९३९ मध्ये आपल्या वाशिमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. तसल्या दानपत्रांतून चंद्रसूर्य असेपर्यंतची भाषा असते. इंटरनेटवर इतके उदार कोणी नाही.

आता हे नाव असते तरी काय? प्रत्येक संगणकाला, वेबसाइट जिथे ठेवली आहे त्या यंत्रालाही, एक आकडी क्रमांक असतो. तो आपल्या लक्षात राहणार नाही, म्हणून त्याला नाव जोडायचे. फोनमध्ये आपण "माई" असे दाबतो आणि आकडे फोनच शोधतो, तसेच हे. म्हणून तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. नाव एक, जागा दुसरी, आणि जागेत मांडलेला संसार तिसरा. जागा बदलली, संसार नवा मांडला, तरी नाव तेच राहू शकते. उलट नाव गेले, तर संसार जागच्या जागी असूनही कोणाला सापडत नाही. आमचे अगदी हेच झाले. पापडांचे फोटो, दर, सगळे जिथल्या तिथे होते. दारावरची पाटी मात्र दुसऱ्याच्या घराला लागली होती.

या नावांच्या मागे बायकांचा हात आहे, हे वाचून मला फार बरे वाटले. सत्तरच्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर नावाच्या बाई एक कचेरी चालवीत. तेव्हाच्या जाळ्यातल्या सगळ्या संगणकांच्या नावांची यादी त्या कचेरीत असे. नवे नाव हवे तर कचेरीच्या वेळात तिथे कळवायचे! पुढे यंत्रे इतकी वाढली की एका यादीने भागेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आजची वाटून दिलेली पद्धत आखली. ग्रामपंचायतीची नोंद ग्रामपंचायतीत, तालुक्याची तालुक्यात, तशी. आणि शेवटी कॉम, एज्यू, गव्ह अशा शेपट्या लावून वर्गवारी करण्याची कल्पना फाइन्लरबाईंच्या गटातून आली. पहिले डॉट कॉम नाव १९८५ च्या मार्चमध्ये नोंदले गेले.

ही शेपटी नीट समजून घेण्यासारखी आहे. ती कळायला वाशिम जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाही. माझे माहेर मालेगावचे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी आईला साडी पाठवली आणि पत्त्यात जिल्हा लिहायला विसरले. पार्सल नाशिककडच्या मालेगावची यात्रा करून महिन्याने परत आले. नुसते कारंजा म्हणून भागत नाही. आपले कारंजा लाड, वर्ध्याकडचे कारंजा घाडगे. शिरपूर धुळे जिल्ह्यातही आहे, म्हणून अंतरिक्ष पार्श्वनाथांचे ते शिरपूर जैन. आपले मंगरूळपीर, तर अमरावती जिल्ह्यात मंगरूळ दस्तगीर. नाव एकच, पण मागे जोडलेल्या शब्दाने गाव वेगळे होते. डोमेनचेही तसेच. तेच नाव डॉट कॉमवर एकाचे, डॉट इनवर दुसऱ्याचे आणि डॉट ओआरजीवर तिसऱ्याचे असू शकते.

डॉट इन ही भारताची शेपटी. तिचा कारभार निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, ही संस्था पाहते, आणि २००५ पासून ती सर्वांना खुली आहे. डॉट ओआरजी संस्थांसाठी म्हणून निघाली, पण ती कोणीही घेऊ शकतो. तेव्हा ती दिसली म्हणजे धर्मादाय संस्थाच असेल असे समजून देणगी देऊ नका. याउलट डॉट गव्ह डॉट इन सरकारखेरीज कोणाला मिळत नाही. आणि बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने फार चांगले काम केले: सगळ्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली वेबसाइट डॉट बँक डॉट इन या शेपटीवर न्यावी असा २०२५ च्या एप्रिलमध्ये आदेश काढला. ही शेपटी बँकेशिवाय दुसऱ्याला मिळत नाही.

म्हणून पत्ता पोस्टमनसारखा वाचा. पोस्टमन पाकिटावर आधी जिल्हा पाहतो, मग तालुका, मग गाव, आणि माणसाचे नाव सर्वांत शेवटी. डोमेनही असेच मागून पुढे वाचायचे. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्या. त्यानंतर पहिली तिरपी रेघ येईपर्यंतचाच मजकूर धरा, आणि त्याच्या शेवटाकडून सुरुवात करा. बँकेचे नाव डाव्या बाजूला कितीही ठळक असो, उजवीकडे भलताच शब्द असेल तर ते घर भलत्याचेच. माझ्या जावेला वीजबिलाचा असाच निरोप आला होता. पुढे वीज कंपनीचे नाव, मागे कसली तरी अनोळखी शेपटी. तिने मागून वाचले म्हणून वाचली.

आता नाव निवडण्याविषयी. जुने गेले तसे नवे घ्यावे लागले. वकीलसाहेबांना विचारून पाहिले. त्यांनी सांगितले की, डोमेनचे नाव हेही व्यापारचिन्हासारखेच जपले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात म्हटले आहे. परंतु आपले नाव पापड-शेवया अशा साध्या शब्दांचे, त्यात मुदत आपणच घालवलेली. भांडायचा खर्च दोन हजार पिशव्यांच्या कितीतरी पट झाला असता. सोडून दिले. मला ते अजून खुपते, पण सल्ला बरोबर होता.

नव्या नावासाठी बहुतेकींचे मत "वत्सगुल्म" असे पडले. गावाचे प्राचीन नाव, केवढे भारदस्त! मी म्हटले, परीक्षा घेऊ. दहा जणींना फोन करून नाव नुसते ऐकवले आणि इंग्रजीत लिहून पाठवायला सांगितले. कोणी व्हीने आरंभ केला, कोणी डब्ल्यूने. कोणी टी-एस, कोणी टी-एच-एस. गुल्मचा यू एकीने दोनदा ओ करून टाकला. सहा तऱ्हा निघाल्या. आमच्या जुन्या नावातल्या "शेवया"चेही तेच दुखणे होते. निम्मी गिऱ्हाईके एस-एच-ई ऐवजी एस-ई लिहीत आणि चुकत. गावाचे नावच पाहा ना. इंग्रजी अमदानीत कागदोपत्री बासिम, आज डब्ल्यूने वाशिम. जिल्ह्याच्या सरकारी वेबसाइटचा पत्ताही याच स्पेलिंगने आहे, म्हणून निदान ते लोकांच्या डोळ्यांखालून गेलेले असते. कसोटी हीच ठेवावी की, एसटीत शेजारी बसलेल्या बाईला एकदा सांगितले आणि तिने घरी जाऊन बरोबर लिहिले, तर नाव चांगले. आकडा नको, कारण तो अंकात की अक्षरात हे सांगावे लागते. मधली आडवी रेघ नको, ती सांगायची राहून जाते. दोन बिंदूंच्या मध्ये त्रेसष्ट अक्षरांपर्यंत मुभा असते. आपल्या मंडळाचे संपूर्ण नोंदणीकृत नावही त्यात बसले असते, पण ते लिहिता लिहिता गिऱ्हाईकाने पापड दुसरीकडून आणले असते.

मराठीत नाव का नको, असे काहींनी विचारले. मिळते. डॉट भारत ही देवनागरी शेपटी २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली, आणि हिंदीबरोबर मराठी व कोकणीही तीत आहेत. पण तिथेही आपली गंमत आहेच. कोणी "वाशिम" लिहितो, कोणी "वाशीम". ऱ्हस्व आणि दीर्घ ही यंत्राला दोन निराळी नावे. शुद्धलेखनाचे मार्क इथे खरोखरच कापले जातात! शिवाय यंत्र आतल्या आत हे नाव रोमन अक्षरांत साठवते, त्यामुळे निरोपातून पाठवताना कधी एक्स, एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारे काहीतरी अगम्य दिसते. घाबरू नका, ते आपलेच नाव असते. आपण मुख्य नाव इंग्रजी अक्षरांत घेतले आणि मराठी नाव जोडीला ठेवले; दोन्हीकडून एकाच दारात येता येते.

पण माझ्या मते नाव कसे आहे यापेक्षा ते कोणाच्या नावावर आहे हे मोठे. शेत आपण कसतो, पण सातबारा दुसऱ्याचा असेल तर काय होते, ते या सभेत मी कोणाला सांगायला नको. आपल्यापैकी कितीतरी जणींनी ते सोसले आहे. या वेळी मालक म्हणून मंडळाचे नाव लावले, ईमेल मंडळाचा नवा उघडला, आणि मोबाइल दोन पदाधिकाऱ्यांचे दिले. बिल मंडळाच्या नावाचे घेतले. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर पाहून भुललो नाही. दुसऱ्या वर्षापासून काय पडेल ते आधी विचारले, आणि पाच वर्षांचे एकदम भरले. पासवर्ड बंद पाकिटात खजिनदारांच्या कपाटात आहे. ज्यांनी मुलाकडून, पुतण्याकडून किंवा दुकानदाराकडून वेबसाइट करून घेतली असेल त्यांनी आज घरी जाऊन एवढेच विचारावे की, नोंदीत मालक म्हणून कोणाचे नाव आहे आणि मुदत कधी संपते. राग येईल म्हणून भिऊ नका. आमच्या त्या मुलाला मी परवा हे सर्व सांगितले तर तो म्हणाला, "काकू, तुम्ही तेव्हाच विचारलं असतं तर मी लगेच मंडळाच्या नावावर करून दिलं असतं."

जुन्या पिशव्यांवरच्या त्या चौकोनी ठिपक्यांच्या छापातही, क्यूआर कोडातही, जुनेच नाव आहे. तेव्हा नुसता पत्ता झाकून चालत नाही, छापही झाकावा लागतो. दोन हजारांपैकी सतराशेंवर आपण नव्या नावाच्या पट्ट्या चिकटवल्या. तीनशे अजून शिल्लक आहेत. पट्ट्या कापून ठेवल्या आहेत, खळही तयार आहे. गुरुवारी दुपारी तीन वाजता ज्यांना सवड असेल त्यांनी मंडळाच्या खोलीवर यावे; चहा माझ्याकडून.